कोपऱ्यावरच्या बागेतली कादंबरी

कादंबरी लिहायची आहे असं म्हणणाऱ्या माणसांची आपल्याकडे मुळीच वाण नाही. ती बँकेत असतात, शाळेत असतात, आणि साप्ताहिकांच्या कचेऱ्यांत तर टेबलागणिक एक तरी सापडतं. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे, मथळे द्यायचे, जागेत बसत नाही म्हणून शेवटचा परिच्छेद कापायचा आणि रात्री घरचं आवरून झालं की स्वतःची वही उघडायची. बहुतेक रात्री ती उघडली जात नाही. प्रस्तुत लेखिकेच्या खणातही अशी एक वही आहे. तिची नव्वदेक पानं भरली आहेत आणि त्यातली नायिका गेली चार वर्षं एकाच रेल्वे स्टेशनावर गाडीची वाट पाहत उभी आहे.

म्हणूनच मेलिसा हॅरिसन या इंग्रज लेखिकेची हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा मी जरा सावरून बसले. बाई लंडनमध्ये मासिकांच्या संपादनाचं, निर्मितीचं काम करत होत्या. म्हणजे आमच्याच बिरादरीतल्या. कादंबरीकार व्हायची आस मनात होती, पण नावावर एकही पुस्तक नव्हतं. वय पस्तिशीच्या घरात. अशा वेळी 2010 साली ‘जॉन म्यूर ट्रस्ट’ या संस्थेच्या ‘वाइल्ड रायटिंग’ म्हणजे रानावनाविषयीच्या लेखनाच्या स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळालं. तीन वर्षांनी, 2013 मध्ये, त्यांची पहिली कादंबरी ‘क्ले’ प्रसिद्ध झाली. पुढे आणखी कादंबऱ्या आल्या, मोठे पुरस्कार आले, ‘द टाइम्स’सारख्या दैनिकात निसर्गावरचं सदर आलं.

आता कुणी म्हणेल, बक्षीस मिळालं आणि नशीब उघडलं, यात नवल ते काय? नवल आहे ते बक्षीस आणि कादंबरी यांच्या मधल्या जागेत. स्पर्धा होती रानावनावरच्या लेखनाची. आणि बाईंनी जी कादंबरी लिहिली ती दक्षिण लंडनमधल्या एका लहानशा, दुर्लक्षित सार्वजनिक बागेवर. बसगाड्यांच्या रस्त्याला लागून असलेली, चार बाकं, थोडं गवत आणि काही जुनी झाडं असलेली बाग. आपल्याकडे नगरपालिकेची असते तशीच.

ज्यांच्या नावाने ही संस्था आहे ते जॉन म्यूर रानातले खरेखुरे बहाद्दर. 1838 मध्ये स्कॉटलंडमधल्या डनबार गावी जन्म, अकराव्या वर्षी वडिलांबरोबर अमेरिकेत. तरुणपणी एका कारखान्यात काम करत असताना हातातलं अवजार निसटून डोळ्यात घुसलं आणि काही काळ दिसणंच बंद झालं. डोळे परत आले तेव्हा त्यांनी कारखान्याला रामराम ठोकला आणि 1867 मध्ये मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे हजार मैल पायी गेले. पुढे कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत राहिले, योसेमिटीचं राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून लेखणी झिजवली आणि ते 1890 मध्ये झालंही. त्यांच्या नावाचा ट्रस्ट 1983 मध्ये ब्रिटनमध्ये निघाला. रानटी, अस्पर्श राहिलेली जमीन राखायची हे त्याचं काम. बेन नेव्हिस हे ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर ज्या जमिनीवर आहे ती या ट्रस्टने 2000 साली विकतच घेतली.

अशा संस्थेची स्पर्धा म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं? धुकं, कडे, पाठीवर पिशवी घेतलेला एकटा पुरुष आणि वरून घिरट्या घालणारा गरुड. इंग्रजी निसर्गलेखनाला या चित्राची सवयच झाली होती. स्कॉटिश कवयित्री कॅथलीन जेमी यांनी 2008 मध्ये एका परीक्षणात या एकांड्या, भारावलेल्या पुरुषाची चांगलीच फिरकी घेतली होती. तो शहरातून येतो, रानात चार दिवस काढतो, दिपून जातो आणि परत जाऊन पुस्तक लिहितो. त्या रानाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं मात्र त्या पुस्तकात कुठे दिसत नाहीत, असा त्यांचा रोख होता. टीका झोंबणारी होती आणि बरीचशी खरीही.

आपल्याकडचा अनुभवही फार वेगळा नाही. आमच्याकडे वाचकांचे जे प्रवासलेख येतात त्यांत हिमालय असतो, केरळचं बॅकवॉटर असतं, अंदमानचा समुद्र असतो. सूर्योदय तर हटकून असतो. पण आमच्या इमारतीमागच्या नाल्याकाठी उंबराचं झाड आहे आणि त्याला फळं आली की कोणकोणते पक्षी येतात, असा लेख पाच वर्षांत एखादाच आला असेल. त्याचं कारण लिहिणाऱ्यांना दिसत नाही असं मला वाटत नाही. त्यांना ते लिहिण्याजोगं वाटत नाही.

स्पर्धेने काय दिलं?

निबंधस्पर्धेत जिंकणारा माणूस कादंबरीकार होतोच असं नाही. उलट अडचणच होण्याचा संभव जास्त. निसर्गलेखात ‘मी’ असतो. मी गेलो, मी पाहिलं, मला वाटलं. शब्दमर्यादेत एक जागा, एक वेळ आणि एक मन नीट पकडलं की लेख जमला. कादंबरीत हा ‘मी’ फार कामाचा नसतो. तिथे चार-पाच परकी माणसं उभी करावी लागतात, त्यांची भांडणं, पैशांच्या अडचणी, खोटं बोलणं हे सगळं चालवावं लागतं, आणि या सगळ्यात फुलपाखरू आलं तर वाचक म्हणतो, बाई, पुढे काय झालं ते सांगा! कित्येक कादंबऱ्यांत निसर्गवर्णन म्हणजे वाचकाने उडी मारून ओलांडायचा परिच्छेद होऊन बसतो तो याच कारणाने.

हॅरिसन यांनी ही अडचण कशी सोडवली हे पाहण्यासाठी ‘क्ले’ वाचावी. (‘क्ले’ म्हणजे चिकणमाती. लंडन शहर चिकणमातीच्या जाड थरावर उभं आहे.) कादंबरीत त्या बागेच्या भोवती वावरणारी माणसं आहेत. टीसी नावाचा एक लहान मुलगा. बाप घर सोडून गेलेला, आईचं लक्ष दुसरीकडे. हा पोरगा शाळा चुकवतो आणि दिवसभर बागेत, झुडपांत, पडीक जागेत प्राण्यांच्या पाऊलखुणा शोधत हिंडतो. दुसरा योझेफ, पोलंडमधला शेतकरी. तिकडची शेती हातची गेली म्हणून लंडनला आलेला, मिळेल ते काम करणारा. लाकडातून लहान लहान प्राणी कोरायची त्याला आवड आहे. तिसरी सोफिया, ऐंशीकडे झुकलेली विधवा बाई. तिच्या फ्लॅटच्या खिडकीतून ही बाग दिसते. तिची मुलगी लिंडा बऱ्या वस्तीत राहते आणि तिला आईची काळजीही वाटते आणि थोडी लाजही. आणि नात डेझी, जिला आजीबरोबर मातीत हात घालायला आवडतं पण आईच्या धाकाने तसं करता येत नाही.

एवढीच माणसं. खून नाही, खजिना नाही. पण प्रत्येकाला ती एकच बाग वेगळी दिसते आणि सगळी कादंबरी या फरकावर उभी आहे. टीसीला दिसतात खुणा. कुठे कोण रात्री येऊन गेलं, कुणी काय खाल्लं. योझेफला दिसते जमीन, तिचा पोत, तिचा वास, त्याच्या हातून गेलेल्या शेताची आठवण. सोफियाला झाडं ओळखीची आहेत. नवऱ्याबरोबर पाहिलेली, वर्षानुवर्षं ऋतू मोजलेली. लिंडाला सुरुवातीला काहीच दिसत नाही. दिसतो तो चिखल आणि अस्वच्छता. म्हणजे झाडा-पाखरांची वर्णनं इथे सजावटीला आलेली नाहीत. कोण काय पाहतं यावरून ते माणूस कसं आहे हे आपल्याला कळत जातं. निसर्गलेखाने शिकवलेली बारीक नजर बाईंनी अशी चार जणांत वाटून दिली. माझ्या मते त्या स्पर्धेतून कादंबरीकडे गेलेली वाट हीच.

कादंबरीतला घोर वेगळाच आहे, आणि तो वाचताना घशात आवंढा येतो. टीसी आणि योझेफ यांची मैत्री होते. दोघंही एकटे, दोघांनाही जनावरांची माया. पण एका परदेशी, पोरक्या, प्रौढ माणसाने कुणाच्या तरी लहान मुलाशी असा स्नेह जोडला तर आजचं शहर त्याकडे कसं पाहील? आई म्हणून तुम्ही-आम्ही कसं पाहू? मुलाला जपायला हवं हे खरं, संशय घेणारी माणसं वाईट नाहीत हेही खरं, आणि तरी आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी चांगलं मोडलं जातंय हेही तितकंच खरं. शेवट सांगत नाही. एवढंच म्हणते की दहा वर्षांखालच्या मुलाची आई असलेल्या कुणीही ही कादंबरी रात्री उशिरा वाचायला घेऊ नये. झोप लागत नाही.

टीसीसारखी मुलं आता उरली आहेत का, हा प्रश्न त्या काळात ब्रिटनमध्ये गाजत होता. ऑक्सफर्डच्या मुलांसाठीच्या छोट्या शब्दकोशातून 2007 च्या आवृत्तीत ओकच्या झाडाचं फळ, ब्लूबेल, बटरकप, खंड्या पक्षी यांसारखे शब्द काढून टाकले गेले आणि ब्लॉग, ब्रॉडबँड असे शब्द आले. शब्दकोशवाल्यांचं म्हणणं होतं, मुलं जे वापरतात ते आम्ही घेतो. 2015 मध्ये 28 लेखकांनी एकत्र येऊन प्रकाशकांना जाहीर पत्र लिहिलं. मार्गारेट अ‍ॅटवूड यांच्यासारख्या जगप्रसिद्ध कादंबरीकार त्यांत होत्या. शब्द परत आणा, कारण नाव माहीत नसलं की ती गोष्ट दिसायचीही बंद होते, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्या घरातल्या पोरांना भारद्वाज ओळखता येतो का हे एकदा विचारून पाहा. माझ्या भाच्याने मला सांगितलं, ‘मावशी, तो चॉकलेटी कावळा आहे.’ निदान त्याने पाहिला तरी होता.

मे महिन्यातली पहाट

दुसऱ्या कादंबरीचं भय प्रत्येक लेखकाला असतं. पहिलीत आयुष्यभराचं साठवलेलं ओतून झालेलं असतं. हॅरिसन यांची दुसरी, ‘अ‍ॅट हॉथॉर्न टाइम’, 2015 मध्ये आली. हॉथॉर्न हे मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी लगडणारं काटेरी झुडूप. इंग्लंडात शेताच्या कुंपणाला सगळीकडे असतं. कादंबरी उघडते ती मे महिन्यातल्या एका पहाटे, जुन्या सरळसोट रस्त्यावर झालेल्या मोटारीच्या अपघाताने. कोण गेलं, कोण वाचलं हे सांगितलं जात नाही. मग गोष्ट काही आठवडे मागे जाते आणि त्या रस्त्याकडे येणारी माणसं एकेक करून दिसू लागतात. शहरातून निवृत्त होऊन खेड्यात आलेलं एक जोडपं, ज्यांचा संसार आतून विरला आहे. गोदामात काम करणारा, मोटारीच्या वेडाने भारलेला एकोणीस वर्षांचा पोरगा. आणि जॅक, लंडनहून पायी निघालेला भटका मजूर, हंगामी शेतकाम करत जुन्या पायवाटांनी जाणारा.

जॅकचं पात्र मला फार आवडलं. ज्या पायवाटांवरून माणसं शेकडो वर्षं गेली, तिथे आता खाजगी मालकीच्या पाट्या आहेत आणि चालणं हाच गुन्हा ठरतो आहे. जॅक वहीत टिपणं करतो, आज काय फुललं, काय उडालं, एवढंच. ही टिपणं म्हणजे स्पर्धेत पाठवायचा निसर्गलेखच. फरक असा की ती लिहिणाऱ्याच्या मागे पोलीस लागलेले आहेत. ब्रिटनमध्ये त्या काळी दिल्या जाणाऱ्या प्रतिष्ठेच्या ‘कॉस्टा’ पुरस्काराच्या अंतिम यादीत ही कादंबरी होती. पुरस्कार मिळाला नाही. पण शहरातल्या बागेवर लिहिणारी बाई हा शिक्का त्यामुळे पुसला गेला.

इथे थोडं विषयांतर करते. स्कॉटलंडच्याच नॅन शेफर्ड यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. अ‍ॅबर्डीनमध्ये शिक्षक होऊ घातलेल्यांना साहित्य शिकवणाऱ्या या बाईंनी 1928 ते 1933 या काळात तीन कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या. त्यानंतर केर्नगॉर्म पर्वतावर, ज्यावर त्या जन्मभर चालल्या, एक छोटंसं पुस्तक लिहिलं, ‘द लिव्हिंग माउंटन’. ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लिहून झालं होतं. प्रकाशकाकडून नकार आल्यावर त्यांनी ते खणात ठेवून दिलं आणि 1977 पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, ते तिथेच राहिलं. 1981 मध्ये बाई गेल्या. आज त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा या पुस्तकाचं नाव मोठं आहे, आणि 2016 मध्ये स्कॉटलंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर त्यांचं चित्र आलं. एक बाई कादंबरीकडून डोंगराकडे गेली, दुसरी रानाच्या लेखावरून कादंबरीकडे. खण मात्र दोघींच्या हकिगतीत आहे. (माझ्याही आहे, पण नोटेचं लक्षण काही दिसत नाही.)

पावसाचे शंभर शब्द

कादंबरीकार झाल्यावर बाईंनी निसर्गलेख सोडून दिले असं नाही. 2016 मध्ये त्यांचं ‘रेन’ नावाचं लहानसं पुस्तक आलं. चार ऋतूंत, चार ठिकाणी, पावसातून काढलेल्या चार फेऱ्या. विकन फेन हा पाणथळ प्रदेश, श्रॉपशर, केंटमधलं डॅरेंट नदीचं खोरं आणि डार्टमूरचं माळरान. पाऊस आला की इंग्रज माणूस घरात पळतो. या बाई कुत्रं घेऊन मुद्दाम बाहेर पडल्या. पुस्तकाच्या शेवटी पावसाला असलेल्या गावोगावच्या शंभर इंग्रजी शब्दांची यादी दिली आहे.

ती यादी चाळताना आपला ऊर भरून आल्याशिवाय राहत नाही, कारण आपल्याकडेही हे धन भरपूर आहे. वळीव, मिरग, झड, भुरभुर, रिपरिप, सर, शिरवं, संततधार, पागोळ्या. इंदूर-बडोद्याला स्थायिक झालेल्या आमच्या वाचकांच्या घरात यांतले किती शब्द टिकून आहेत कोण जाणे. आजी असेल त्या घरात असतील.

त्याच वर्षी हॅरिसन यांनी वसंत, ग्रीष्म, शरद आणि हिवाळा अशा चार ऋतूंवरचे चार संग्रह संपादित केले, ब्रिटनमधल्या ‘वाइल्डलाइफ ट्रस्ट्स’ या संस्थांच्या मदतीसाठी. जुन्या नामवंतांच्या उताऱ्यांच्या शेजारी त्यात नव्या, अनोळखी लेखकांचे लेखही आहेत. सहा वर्षांपूर्वी ज्या स्वतः स्पर्धेला लेख पाठवणाऱ्या होत्या, त्यांच्या टेबलावर आता दुसऱ्यांचे लेख येऊन पडत होते.

गोड मातीतलं विष

आणि आता त्यांची तिसरी कादंबरी, 2018 ची ‘ऑल अमंग द बार्ली’. निसर्गाविषयी लिहिणाऱ्या, वाचणाऱ्या प्रत्येकाने जिथे थबकायला हवं ते पुस्तक हे. काळ 1933-34 चा. जागा सफक परगण्यातली एक शेतवाडी. एडी ही चौदा वर्षांची मुलगी, पुस्तकांत बुडालेली, जराशी विचित्र, कुणी आपल्याला ओळखावं म्हणून आसुसलेली. पहिल्या महायुद्धाने खेड्यातली तरुण माणसं नेली आहेत, मंदीने धान्याचे भाव पाडले आहेत, बाप दारूकडे वळला आहे. अशा वेळी लंडनहून कॉन्स्टन्स नावाची तरतरीत बाई येते. पँट घालते, सायकलवरून हिंडते. जुन्या चालीरीती, पाककृती, शेतकामाच्या पद्धती नष्ट व्हायच्या आत लिहून ठेवायच्या आहेत म्हणते. एडीला वाटतं, अखेर कुणीतरी आपल्याला पाहिलं!

कॉन्स्टन्सला मातीविषयी खरंच प्रेम आहे. तिचं वर्णनही झकास असतं. तिने एखाद्या स्पर्धेला लेख पाठवला असता तर बक्षीस नक्की मिळालं असतं. पण या प्रेमाच्या पोटात हळूहळू दुसरं काही दिसू लागतं. ही माती कुणाची? ‘आपल्या’ माणसांची. मग परके कोण? गावात येऊन राहिलेलं ज्यू कुटुंब. पाहता पाहता पिकांवरची, गाण्यांवरची, जुन्या भाकरीवरची माया फॅसिस्ट राजकारणाला खत घालू लागते, आणि गावातली भली माणसं माना डोलावू लागतात.

हे केवळ कल्पनेतलं नाही. ऑस्वल्ड मोझली यांनी ब्रिटनमधला फॅसिस्ट पक्ष 1932 मध्ये स्थापन केला. सफकचे शेतकरी तेव्हा चर्चला द्याव्या लागणाऱ्या दशमांश कराविरुद्ध झगडत होते. 1934 च्या फेब्रुवारीत वॉर्थम या गावी एका शेतावरची गुरं आणि डुकरं जप्त करायला माणसं आली, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहायला मोझलींचे काळे शर्टवाले येऊन दाखल झाले आणि त्यांतल्या काहींना अटकही झाली. गंमत पाहा, ते शेत होतं डोरीन वॉलेस या कादंबरीकार बाई आणि त्यांचे पती यांचं. शेतकऱ्याचं दुःख खरं होतं. त्या दुःखाला खांदा द्यायला कोण पुढे आलं, हा प्रश्न होता.

निसर्गावर लिहिण्याचं बक्षीस घेतलेल्या लेखिकेनेच हे पुस्तक लिहावं, याला माझ्या दृष्टीने फार मोल आहे. ‘गेले ते दिवस, काय ती शेतं, काय ती माणसं’ हे लिहायला सोपं आणि वाचायला गोड. या लेखनाचा धंदाच बराचसा त्या हुरहुरीवर चालतो. हॅरिसन यांनी ती हुरहुर पूर्ण ताकदीने जागी केली. कापणीच्या दिवसांची पानं वाचताना ओल्या पेंढ्याचा वास येतो. आणि मग त्याच पानांतून दाखवलं की हा वास कुणाच्या घरात शिरला तर काय होतं. आपल्या हातातल्या कौशल्याविषयी लेखकाने इतका संशय बाळगणं क्वचित पाहायला मिळतं.

या कादंबरीला 2019 मध्ये युरोपीय संघाचा साहित्य पुरस्कार मिळाला, ब्रिटनच्या वतीने. काही महिन्यांतच, 31 जानेवारी 2020 रोजी, ब्रिटन त्या संघातून बाहेर पडलं.

खणातल्या वह्यांसाठी

हे सगळं त्या 2010 च्या बक्षिसामुळे झालं का? असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. स्पर्धा दरवर्षी होतात, कुणीतरी जिंकतं, प्रशस्तिपत्र भिंतीवर लागतं आणि बहुतेकांचं तिथेच थांबतं. बक्षिसाने एवढं मात्र होतं, की ज्याला आपलं लेखन कोणत्या जातीचं आहे हेच कळत नसतं, त्याला कुणीतरी परका माणूस ते सांगतो. घरचे सांगतात ते आपण खरं मानत नाही. नवरा म्हणतो छान आहे, आणि चहा पिता पिता म्हणतो. परीक्षकाला आपलं तोंडही माहीत नसतं.

ब्रिटनमध्ये या लेखनाला आता चांगले दिवस आले आहेत. 2014 पासून निसर्गविषयक पुस्तकांसाठी ‘वेनराइट’ पुरस्कार दिला जातो. 2019 मध्ये कॅननगेट या प्रकाशनसंस्थेने नॅन शेफर्ड यांच्याच नावाने एक पारितोषिक सुरू केलं, ज्यांचा आवाज या लेखनात फारसा ऐकू येत नव्हता अशांसाठी. बक्षीस म्हणजे पुस्तक छापण्याचा करार. पहिल्यांदा ते मिळालं न्यूझीलंडहून आलेल्या, आईकडून मलेशियन-चिनी वारसा असलेल्या नीना मिंग्या पॉल्स यांना. एकांड्या भारावलेल्या पुरुषाच्या जागी हळूहळू अशी मंडळी येत आहेत.

हॅरिसन यांनी 2017 च्या अखेरीस लंडन सोडलं आणि सफकमधल्या खेड्यात घर केलं, म्हणजे ज्या भागावर कादंबरी लिहिली तिथेच. 2020 मध्ये टाळेबंदी आली. लंडनमधल्या बंद सदनिकांत माणसं कोंडली गेली. तेव्हा त्यांनी ‘द स्टबर्न लाइट ऑफ थिंग्ज’ नावाची ध्वनिमालिका सुरू केली. रोज फिरायला जायचं आणि जे दिसतं, ऐकू येतं ते ध्वनिमुद्रित करायचं. पाखरांचे आवाज, पायाखालचा चिखल, मध्येच धाप लागल्याचा आवाज. त्याच नावाने त्यांच्या वर्तमानपत्री टिपणांचं पुस्तकही निघालं. ते सुरू होतं ते सफकच्या शेतांत मात्र नाही. पहिला अर्धा भाग दक्षिण लंडनमधल्या स्ट्रेटमचा आहे. रस्त्याकडेची झाडं, रेल्वेच्या कडेचं रान आणि कोपऱ्यावरची बाग.

हा लेख लिहून झाल्यावर मी आमच्या इमारतीमागच्या नाल्याकडे जाऊन आले. उंबराला फळं धरली आहेत. तिथे एक म्हातारे गृहस्थ वही घेऊन बसले होते. मी विचारलं, ‘काका, पक्षी पाहता का?’ म्हणाले, ‘नाही हो, दूधवाल्याचा हिशोब करतोय. घरात लाईट गेलेत.’ मग वर पाहून म्हणाले, ‘पण तो हिरवा पोपटाएवढा दिसतो ना, तांबट नव्हे, त्याच्याहून मोठा, तो सकाळी सातला येतो. उद्या या.’